उस्ताद, माझी कंबर गेली

उस्ताद,

दुपारची वेळ आहे, घरात कोणी नाही, आणि मी पोटावर पालथी पडून हे लिहिते आहे, कारण बसून फार वेळ लिहिता येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्कशॉपच्या जागेवर आता टायरचं मोठं दुकान आहे आणि मागच्या टिनाच्या शेडमध्ये, जिथे आपला वजन उचलायचा लोखंडी बार असायचा, तिथे त्यांचं गोदाम आहे. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी बाई मी नव्हते. दिवसभर एसटीत कंडक्टर म्हणून लोकांशी बोलून बोलून घसा बसायचा, घरी आल्यावर नवऱ्याशीही चार शब्द नकोसे व्हायचे. पण गेल्या काही महिन्यांत जे झालं ते जिवंत माणसांना सांगून झालं आहे, आणि ऐकून प्रत्येकाने एकच म्हटलं, नशीब चांगलं म्हणून एवढ्यावर निभावलं. तुम्ही तसं म्हटलं नसतं असं मला वाटतं. म्हणून तुम्हाला सांगते. माझी कंबर गेली, उस्ताद. आता मी परत कधी बार उचलणार नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला आठवतो. तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. बाबा तुमच्याकडे घण मारायला होते. घुग्घुसकडून कोळशाचे ट्रक यायचे, कोणाचा कमानपाटा तडकलेला, कोणाचा बसलेला. तुम्ही पाटा भट्टीत लाल करून ऐरणीवर धरायचात आणि बाबा घण घालायचे. मी बाबांचा डबा घेऊन आले होते. बाकावर एक पाटा आडवा पडलेला होता, मला बसायचं होतं, म्हणून मी तो उचलून भिंतीला टेकवला आणि बसले. तुमचा हात थांबला. बाबांचा घण वरच राहिला.

"हे तुनं उचललं?"

मला वाटलं काही मोडलं. मी मान हलवली.

"परत उचल. होता तिथी ठेव."

मी उचलला, होता तिथे ठेवला, आणि रडायच्या बेतात उभी राहिले. तुम्ही बाबांकडे वळून म्हणालात, "उद्यापासून हे मागच्या शेडमध्ये येईल." बाबा म्हणाले, "उस्ताद, पोरीची जात आहे. उद्या लगन करा लागन तिचं." तुम्ही पाटा परत भट्टीत सरकवत म्हणालात, "तं मी का तिले म्हातारी करून राह्यलो? येऊ दे." एवढंच बोलणं झालं. आमच्या घरी त्यावर रात्रीच्या जेवणाला आईने दोन शब्द बोलून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी मी भावाची हाफपँट घालून तुमच्या शेडमध्ये उभी होते.

पहिले कितीतरी महिने तुम्ही मला लोखंडाला हात लावू दिला नाहीत. हातात एक बांबू दिला. मुलं बारवर प्लेटा चढवायची, ओरडायची, वजन खाली आदळलं की टिनं थरथरायची, आणि मी कोपऱ्यात बांबू घेऊन वाकते, उठते, वाकते, उठते. तुम्ही बाजूला उभे. तुमच्या हातात भट्टीतल्या राखेचा वास. "कंबर सीधी. छाती समोर. पायानं उचल, कंबरनं नाई." मी विचारलं, उस्ताद, बार कधी देणार? तुम्ही म्हणालात, बांबू जड लागाले लागला की देईन. मला ते तेव्हा कळलं नाही. पण एका संध्याकाळी खरंच तो बांबू जड लागला, म्हणजे पायापासून खांद्यापर्यंत सगळं अंग त्या बांबूखाली आलं, आणि तुम्ही न विचारता तो काढून घेऊन बार पुढे ढकललात. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ काही मिळालं, नोकरी, घर, मुलगी. पण त्या थंड लोखंडाभोवती बोटं आवळली तेव्हाचं सुख परत कुठे भेटलं नाही. हे मी नवऱ्याला सांगू शकत नाही. त्याला वाईट वाटेल.

गडचिरोलीच्या स्पर्धेआधी तुम्ही मला वजन उचलायचे बूट करून दिलेत. बाजारातले परवडायचे नाहीत आणि माझ्या पायाचे मिळायचेही नाहीत. तुमच्या ओळखीच्या चांभाराकडून चामडं शिवून घेतलंत आणि टाचा तुम्ही स्वतः सागाच्या लाकडाच्या बसवल्यात, लाकूड चिरायच्या आरा-मशिनीवरून तुकडा आणून. मला घालून चालायला लावलंत. खट, खट, खट. तुमची बायको, आमची चाची, आतून बघून हसली, म्हणाली, "घोडी आली का कोणाच्या वरातीतली?" तुमच्या घरचा तो सैपाकखोलीचा उंबरठा, त्यावर मी बूट घालून उभी आहे, चाची तव्यावर अंडी फोडते आहे, तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात आणि म्हणता आहात, खाऊ दे तिले, हाडावर मांस पाहिजे. आमच्या घरी अंडं सणासारखं यायचं. तुमच्या घरी मी रोज खात होते आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं.

त्या स्पर्धेत मी शेवटच्या प्रयत्नात कंबर वाकवून वजन उचललं. मलाही कळलं होतं. पाय उठायच्या आत कंबरेने ओढलं, पाठीची मांजरासारखी कमान झाली, पण बार वर गेला, पंचांनी मान्य केला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या आणि मी पहिली आले. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये निम्म्या सीटा रिकाम्या होत्या, मुलं खिडक्या धरून गाणी म्हणत होती, आणि तुम्ही वरचा दांडा धरून वैनगंगेचा पूल येईपर्यंत, पूल गेल्यावरही, उभेच. मला वाटलं माझ्यावरच्या रागाने उभे आहात. सावली गावात बस चहाला थांबली. तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"एक गोष्ट सांग. तुले टाळ्या पाहिजे का कंबर पाहिजे?"

मी सोळा वर्षांची. गळ्यात मेडल. मी म्हटलं, "टाळ्या."

मला वाटलं थोबाडीत बसणार. तुम्ही कपातला उरलेला चहा मातीत ओतलात आणि म्हणालात, "हो. मीबी हेच म्हटलो होतो." आणि जाऊन बसमध्ये परत उभे राहिलात. मला ती चेष्टा वाटली. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही मला पुन्हा बांबू दिलात, मेडल मिळवलेल्या मुलीला, आणि मी तो रागाने उचलत राहिले.

मग माझी एसटीत निवड झाली आणि ट्रेनिंगला गेले, आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. चंद्रपूरचा मे महिना, दुपारी भट्टीसमोर चक्कर आली आणि उठलाच नाहीत, असं बाबांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. त्यानंतर शेड बंद झाली. माझं लग्न झालं, नवरा वीज केंद्रात लागलेला, ऊर्जानगरला क्वार्टर मिळालं, मुलगी झाली. चंद्रपूर-मूल-गडचिरोली, कधी पोंभुर्णा, कधी पार आतली गावं, माझी वर्षं बसमध्ये गेली. सागाच्या टाचांचे बूट पहिल्याच बदलीत कुठे हरवले ते कळलंही नाही.

चाळिशी आली तेव्हा टाउनशिपच्या जिममध्ये एका कोपऱ्यात मला खरा बार दिसला. मुलगी शाळेतून तिथे बॅडमिंटन खेळायला जायची, मी तिला आणायला गेले होते. सगळी मुलं आरशासमोर दंड फुगवत होती आणि तो बार धूळ खात पडलेला. मी साडीचा पदर खोचला आणि धरला. बोटांनी लगेच ओळखलं, उस्ताद. त्या संध्याकाळपासून मी ड्युटी सुटली की तिथे. नवऱ्याने आधी हसून घेतलं, मग सवय झाली. बसमध्ये दिवसभर कोणी सुट्टे मागतो, कोणी सीट मागतो, कोणी भांडतो, कोणी उतरायच्या जागेच्या पुढे गेलो म्हणून शिव्या देतो. बारखाली कोणी काही मागत नाही. दोन वर्षं तशी गेली. मी सुखात होते, असं आता मागे वळून म्हणता येतं. तेव्हा वाटायचं, ही तर सुरुवात आहे, अजून पुष्कळ वर्षं पडली आहेत.

दुखणं आलं ते काही मोठ्या वजनाने आलं नाही. नेहमीचंच वजन, नेहमीसारखं उचललं, खाली ठेवलं, आणि सरळ होताना कमरेत कोणीतरी गरम सळई घातल्यासारखं झालं. मी तिथेच गुडघ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकता येईना. डॉक्टरने एमआरआय काढायला लावला, पडद्यावर बोट ठेवून मणक्यातली गादी सरकलेली दाखवली, औषधं दिली, पट्टा दिला, विश्रांती सांगितली. म्हणाला, "ताई, या वयात वेटलिफ्टिंग? चालायला जात जा." मी विचारलं, परत उचलता येईल का? तो चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, काही जणांना येतं. घाई करू नका, आणि पायात काही वाटलं तर एक दिवसही थांबू नका, सरळ माझ्याकडे या.

मी घाई केली नाही. तुमची शिष्या आहे. सुट्टी संपली तशी ड्युटीवर गेले, पण बारला हात लावला नाही. पावसाळा सगळा तसाच गेला. मग नवऱ्याने पडदे लावायला आणलेला बांबू होता तो घेतला आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात पहिल्यापासून सुरू केलं. वाकते, उठते. शेजारच्या बाया कपडे वाळत घालताना बघायच्या. हळूहळू रिकाम्या बारवर गेले, मग लहान प्लेटा लावल्या, आणि एका सकाळी उठताना लक्षात आलं की रात्री एकदाही कूस बदलताना जाग आली नाही. त्या दिवशी मी बसमध्ये प्रत्येक प्रवाशाशी गोड बोलले. ड्रायव्हर म्हणाला, बाई, आज का लॉटरी लागली का?

ते फार टिकलं नाही. दुखणं परत आलं, या वेळी कमरेतून डाव्या पायात उतरलं. मांडीतून पोटरीत, पोटरीतून पावलाच्या वरच्या बाजूला, मुंग्या आणि आग. मी बार सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. माझ्या बसचा ड्रायव्हर, वयाने मोठा माणूस, वर्षानुवर्षं खड्ड्यांतून गाडी हाकून त्याचीही कंबर गेलेली, तोच मला म्हणाला, "बाई, डॉक्टरच्या मागं नका लागू. नागपूरचा एक कायरोप्रॅक्टर, म्हंजे हाताच्या झटक्यानं हाडं बसवणारा, येते महिन्यातून एकदा चंद्रपूरले, स्टँडजवळच्या लॉजवर. मी गेलो होतो ना. कटकन् आवाज आला अन् वाकडा गेलेला माणूस मी सीधा जिना उतरलो." मी मोबाइलवर बघितलं. माणसं पालथी पडलेली, वरून झटका, हाडांचा कडकडाट, आणि उठल्यावर चेहऱ्यावर हसू. काही रडतही होती. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. भीतीही वाटायची आणि तोंडाला पाणीही सुटायचं, उपाशी माणसाला दुसऱ्याच्या ताटाकडे बघून सुटतं तसं.

डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, काहींना बरं वाटतं, मी नाही म्हणणार नाही, पण तुमची गादी जिथे आहे तिथे झटका बसू नये असं मला वाटतं. नवऱ्याला विचारलं तर तो भडकला. "काऊन करून राह्यली तू हे सगळं? कोणाले दाखवाचं आहे? बार सोड, दुखणं आपोआप जाईल." मी म्हटलं, बार सोडूनही दुखतंच आहे. तो म्हणाला, "मग दुखू दे. सगळ्यायचं दुखते." बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं. गरम पाण्याची पिशवी भरून आणून दिली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. दोन महिने मी तोलत राहिले. तो माणूस यायची तारीख जवळ आली की जावंसं वाटायचं, गेली की सुटल्यासारखं व्हायचं. मधल्या दिवसांत एक विचित्र गोष्ट झाली. बसच्या पायऱ्या चढताना डावी चप्पल निसटायची. मला वाटलं पट्टा सैल झाला. नवी घेतली, तीही निसटायला लागली. मी दुकानदाराला नावं ठेवली.

शेवटी मी गेले. नवऱ्याला सांगून गेले, तो म्हणाला, मी येतो सोबत, मी नको म्हटलं. लॉजच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, खुर्च्यांवर माणसं, आतल्या खोलीतून कडकड आवाज आणि मग कोणाचं तरी हसणं. मी सगळी भीती खाली रस्त्यावर सोडून आले होते. ठरवलं होतं, काय व्हायचं ते होऊ दे. नंबर आला. तो माणूस माझ्याहून लहान, शांत, हात मोठे. त्याने एमआरआय बघितला, सगळं विचारलं, मीही सगळं सांगितलं, मुंग्या, आग, बार, तुमचंही सांगितलं. मग त्याने मला पलंगावर उताणं झोपवलं, पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, वर उचला, मी दाबतो तरी खाली येऊ देऊ नका. उजवा अंगठा दगडासारखा राहिला. डावा लोण्यासारखा खाली गेला.

"परत."

परत गेला. तो पलंगाच्या कडेला बसला.

"हे पाऊल कधीपासून असं आहे?"

मी म्हटलं, पाऊल बरं आहे, कंबर दुखते. तो म्हणाला, जरा टाचांवर चालून दाखवा. मी उठले, टाचांवर उभी राहिले, आणि डावं पाऊल फट् करून फरशीवर आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. बाहेर खुर्च्यांवरच्या माणसांनाही तो आवाज गेला असावा. तेव्हा मला चपलांचं कळलं.

"ताई, मी तुम्हाला हात लावणार नाही," तो म्हणाला.

उस्ताद, दोन महिने मी या भीतीत काढले होते की हा माणूस माझ्या कमरेला झटका देईल. आणि आता मी त्याच्यासमोर हात जोडून उभी होते. म्हटलं, द्या झटका. काय झालं तर माझी जबाबदारी, लिहून देते. तो म्हणाला, "तुमची असेल, पण हात माझे आहेत. ही नस दबली आहे. तुम्ही आज इथून सरळ डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज." मी म्हटलं, मग मी परत उचलणार कधी? त्याने मला धरून जिना उतरवून दिला, नवऱ्याचा नंबर मागून स्वतः फोन केला, आणि नवरा येईपर्यंत माझ्यासोबत रिक्षाजवळ उभा राहिला. वर माणसं खोळंबली होती. चांगला माणूस. लबाड असता तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. निदान शिव्या देता आल्या असत्या. माझ्याकडे एकच दार उरलं होतं आणि ते एका सज्जन माणसाने हळूच लावून घेतलं.

पुढचं लवकर झालं. नागपूरला ऑपरेशन. नवरा बाहेरच्या बाकावर झोपायचा, मुलगी आजीकडे. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने अंगठा उचलायला सांगितला, तो थोडासा हलला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाला. आता पाऊल बरंचसं आलं आहे, चप्पल राहते. डेपोने मला पासच्या खिडकीवर बसवलं आहे. मी बसते, उभी राहते, पुन्हा बसते. वाकून वजन उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा जपून. आणि बार? मी विचारलंच. चंद्रपूरच्या पहिल्या डॉक्टरने पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही, ताई." काही जणांना येतं, असं या वेळी म्हणाला नाही.

सगळे म्हणतात, नशीब. पाय वाचला. मलाही कळतं की वाचला. पण सकाळी डोळे उघडतात तेव्हा आधी काही आठवत नाही, आणि मग आठवतं, आणि मग उठावंसं वाटत नाही. नवरा चहा आणून ठेवतो, तो गार होतो. मुलगी बॅडमिंटनला जाते, मी तिला आणायला जात नाही. खिडकीसमोर पोरंपोरी पासला रांग लावतात, मी शिक्के मारते, आणि मनात एकच येतं की यापुढचं सगळं आयुष्य असंच आहे, हलकं, हातात काही नसलेलं. कोणाला सांगितलं तर म्हणतील, एवढी बायामाणसं जगतात बार न उचलता. जगतात. मीही जगेन. पण ते जगणं कशाला म्हणायचं ते मला कोणी सांगत नाही.

मागच्या आठवड्यात चाचीकडे गेले. किल्ल्याच्या परकोटाच्या आतलं तेच घर, तीच सैपाकखोली, ओटा नवा झाला आहे. चाची थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. मी प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेला, हात मांडीवर रोवून बसले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "तेबी अशेच बसत. बसलेच तर."

मी म्हटलं, कोण?

"अजून कोण? तुझे उस्ताद. कंबर गेली होती ना त्यांची. लग्नाच्या आधीच. कोणत्या तरी कुस्तीच्या दंगलीत टाळ्यांसाठी वजन उचललं अन् गेली. बुटाचे बंद मी बांधून देत होती. तुमच्या शेडमध्ये एक खुर्ची पाह्यली होती का तू कधी? बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून ठेवलीच नाई."

मी तुम्हाला कधी बसलेलं बघितलं नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं, इतक्या वर्षांनी. शेडमध्ये उभे, सैपाकखोलीत भिंतीला पाठ लावून उभे, गडचिरोलीच्या बसमध्ये रिकाम्या सीटांमध्ये उभे. आणि आम्हाला वाटायचं, उस्तादांचा रुबाब. तुम्ही आम्हाला वजन उचलून का दाखवत नाही, तर आम्ही त्या लायकीचे नाही म्हणून, असं मुलं म्हणायची.

"कोणाला दाखवलं नाही का?" मी विचारलं.

"दाखवलं ना. पोंभुर्ण्याकडं जंगलात एक हाडं बसवणारा होता, त्याच्याकडं जात होते, माह्यापासून लपून. दोन दिवस चांगले राहत, मग परत तेच. मग सोडलं."

मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. म्हटलं, चाची, रोज संध्याकाळी बारच्या बाजूला उभं राहायचं आणि हात लावायचा नाही, हे त्यांना कसं जमलं? मनाची शांती झाली असेल ना हळूहळू? आमच्याकडे बघून बरं वाटत असेल?

चाचीने चहात साखर घातली, ढवळली. म्हातारी माणसं खोटं बोलून दिलासा देतात, तसा ती देईल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी तोच घ्यायला गेले होते.

"शांती-बिंती काई नाई, बेटा," ती म्हणाली. "घरी येत अन् भिंतीकडं तोंड करून पडून राहत. मी म्हणत होती, जाऊ नका तिथी, जीव जळते तुमचा. तं म्हणे, न जाऊन बी जळतेच. शेवटपर्यंत जळत होते. चहा घे, गार होऊन राह्यला."

मी चहा घेतला. तुमच्या घरून निघाले, जटपुरा गेटपर्यंत चालत आले, आणि तिथे गर्दीत उभी राहून रडले. मला वाटलं होतं तुमच्याकडे काही तरी असेल, एखादी युक्ती, एखादी सवय, जी तुम्ही मला शिकवायची राहून गेली. काहीच नव्हतं. तुम्ही फक्त उभे राहिलात. आणि मला तर तेवढंही जमत नाही. जिमच्या रस्त्याने जायला नको म्हणून मी डेपोतून घरी लांबून येते. तुमच्यावर राग आहे का, तर थोडा आहे. सावलीला त्या चहाच्या टपरीवर तुम्ही मला सगळं सांगू शकला असतात. पण सांगितलं असतं तरी सोळाव्या वर्षी मी ऐकलं नसतं, तेही मला माहीत आहे. उत्तर मी तेच दिलं असतं.

हे पत्र तुमच्या कबरीवर नेऊन ठेवावं असं आधी वाटलं होतं. नाही नेणार. चाचीलाही वाचून दाखवणार नाही. घडी करून कपाटात टाकेन, कधी तरी साफसफाईत जाईल.

एक मात्र सांगायचं राहिलं. काल डेपोत एक नवीन लागलेली कंडक्टर मुलगी खिडकीशी आली. माझ्याबद्दल कोणाकडून तरी ऐकलं होतं तिने. म्हणाली, "ताई, तुमी वेटलिफ्टिंग करता ना? अजून चालू आहे?"

मी म्हटलं, हो. चालू आहे.